अर्ज मंजूर, मग पैसे कुठं अडकले? वाचकांचे प्रश्न, शिष्यवृत्तीबद्दल

यावेळी शिष्यवृत्तीवरची पत्रं एकदम घेतलीयेत कारण ती एकमेकांत गुंतलेली आहेत. गंमत म्हणजे 'मला मिळेल का' असं विचारणारे फार थोडे निघाले, 'मिळायला हवी होती, मग आली का नाही' किंवा 'पहिल्या वर्षी मिळाली, आता बंद का झाली' असं विचारणारेच जास्त. म्हणजे पात्रतेत कुणी अडकत नाहीये, अडकतायत ते नंतरच्या बारीकसारीक गोष्टींत. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तसं सांगितलंय.

प्रश्न : ताई, मी मूळची बीडची, पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एससी कॅटेगरी. भारत सरकार पोस्ट मॅट्रिकचा, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) कधीच अप्रूव्ह झालाय. बरोबरच्या मैत्रिणीला पैसे आले, मला नाही. कॉलेज म्हणतं बँकेत जा, बँक म्हणते तुमचं आधार लिंक आहे, आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही. कुणाचं खरं धरू?

दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच तू मधे लटकलीयेस. बँकेतला माणूस 'आधार लिंक आहे' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की तुझ्या केवायसीत आधार नंबर नोंदवलाय. शिष्यवृत्तीचे पैसे त्यावर येत नाहीत. ते आधार नंबरवर पाठवले जातात, आणि त्या आधारवरचे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे हे एनपीसीआय या देशभरचे बँक व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारला कुठली बँक या यादीत ठरतं, तिथे एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जी सीड केली, म्हणजे त्या यादीत जोडली ती. तू फॉर्मात कुठला अकाउंट नंबर लिहिलास याला इथे काही किंमत नाही!

आता तूच आठव, शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी एखादं खातं उघडलं होतं का, किंवा मधे कुणीतरी कॉलेजात कॅम्प लावून झिरो बॅलन्स खातं काढून दिलं, अंगठा घेतला आणि गेला, असं काही? नव्वद टक्के केसेसमध्ये पैसे तिथेच गेलेले असतात, नाहीतर तिथे जायला निघून परत फिरलेले असतात. परत फिरायचं एक नेहमीचं कारण म्हणजे ते खातं तू लहान असताना काढलेलं मायनर खातं असतं, अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून ते मेजर करून घ्यावं लागतं, ते कुणीच करत नाही आणि बँक खात्याला कुलूप लावते. दुसरं म्हणजे पूर्ण केवायसी नसलेलं 'स्मॉल अकाउंट', त्यात एरवी ५० हजारांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही (सरकारी अनुदानाच्या जमेला ही शिलकेची मर्यादा लावत नाहीत) आणि वर्षाला एक लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. वर्षाची जमा त्या एक लाखाच्या वर जायला लागली की रक्कम तिथे अडू शकते.

तर आधी बघ, आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघड, तिथे बँकेचं नाव, सीड झाल्याची तारीख आणि ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह एवढं दिसतं. जुनीच बँक दिसत असेल आणि ते खातं चालू करता येत असेल तर ते चालू करणं सोपं, नसेल तर आत्ता वापरतेस त्या बँकेत जाऊन नुसतं 'आधार लिंक करा' म्हणू नकोस, 'डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म द्या' असं म्हण (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं). त्या फॉर्मात एक ऑप्शन दुसऱ्या बँकेतून इकडे हलवण्याचा असतो, तिथे जुन्या बँकेचं नाव लिहायचं. पोच घे. दोनचार दिवसांनी स्टेटस परत बघ, बँकेच्या शब्दावर जाऊ नकोस.

अजून एक. तुमच्या या योजनेत राज्याचा ४० टक्के आणि केंद्राचा ६० टक्के असा हिस्सा असतो आणि दोन्ही वेगवेगळे येतात. त्यामुळे मैत्रिणीला आलेत ते एकाच हिश्श्याचे असू शकतात, तिला विचार. आणि महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये रिडीमचं बटण दिसत असेल तर ते दाबायचं राहिलंय का तेही बघ, हे वाचून हसू नका, हे बटण दाबायचं राहिलेली पोरं दरवर्षी भेटतात.

पैसे आले की त्यातला फीचा भाग तुझा नाही, कॉलेजचा आहे, तो सात दिवसांत भरायचा. घरात अडचण असते, रक्कम खात्यात दिसते, खर्च होते आणि मग परीक्षेच्या तोंडावर कॉलेज थकबाकी काढून बसतं. यावर मी कुणाला लेक्चर देणार नाही, ज्यांच्या घरी महिनाअखेर कशी असते ते मला माहितीये, पण निदान पैसे आल्या दिवशी फीची रक्कम बाजूला काढून दे.

प्रश्न : मॅडम, आमची मुलगी ओबीसी आहे, यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. सगळीकडे ऐकतोय की मुलींना शिक्षण मोफत झालं. कॉलेज मात्र फीचा मोठा आकडा सांगतंय. आमची फसवणूक होतेय का? (पालक, जळगाव)

फसवणूक असेलच असं नाही, पण कागद बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यात १०० टक्के सवलत दिलीये, जुलै २०२४ चा जीआर आहे. आधी ही ५० टक्के होती. बातम्यांत 'मोफत शिक्षण' एवढंच आलं, त्याच्या आतल्या अटी कुणी वाचल्या नाहीत आणि घोळ तिथेच होतो.

पहिली अट, प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला सीट घेतली असेल तर ही सवलत नाही, मार्क कितीही असोत. दुसरं, अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यात बसत नाहीत, आणि आजकाल बरीच कॉलेजं आपण कॉलेज समजतो पण ती कागदावर विद्यापीठ झालेली असतात, ते अलॉटमेंट लेटरवर बघून घ्या. तिसरं, सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचीच आहे. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस, डिपॉझिट हे तुम्हालाच भरायचंय. म्हणून कॉलेजकडून फीचं हेडवाइज ब्रेकअप लेखी मागा. त्यात ट्यूशन फी तुमच्याकडून मागितली असेल आणि मुलगी वरच्या सगळ्या अटींत बसत असेल तर मात्र लेखी अर्ज द्या, पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी ती घेऊ नये अशाच सूचना आहेत. तोंडी भांडून उपयोग नाही, काउंटरवरच्या क्लार्कच्या हातात काही नसतं.

आणि हो, सवलत आहे म्हणून महाडीबीटीचा फॉर्म भरायचा नाही असं समजू नका! फॉर्म भरावाच लागतो आणि दरवर्षी भरावा लागतो. नाही भरला तर कॉलेजला सरकारकडून पैसे येणार नाहीत आणि ते शेवटी तुमच्याकडेच येतील.

प्रश्न : मी ओपनमधला, इंजिनिअरिंग सेकंड इयर, ईबीसी मिळते. दोन विषय राहिलेत, एटीकेटी घेऊन पुढे गेलोय. आता स्कॉलरशिप गेली का? घरी अजून सांगितलं नाहीये.

घरी सांग, कारण बहुतेक गेलेली नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, ज्याला सगळे अजून ईबीसीच म्हणतात, चालू विद्यार्थ्यासाठी बघतात ते म्हणजे तू आधीच्या सत्राची परीक्षा दिलीस का आणि हजेरी किमान ५० टक्के आहे का. म्हणजे नापास होण्यापेक्षा परीक्षेला न बसणं जास्त महागात पडतं, हे ज्या पोरांना 'तयारी नाही, ड्रॉप देऊ' असं वाटतं त्यांनी नीट ऐकावं. शिक्षणात दोन किंवा जास्त वर्षांचा गॅप पडला की मात्र संपलं.

इयर डाऊन झालं, म्हणजे तेच वर्ष परत करावं लागलं, तर गोष्ट वेगळी, त्याच वर्षाची फी सरकार दुसऱ्यांदा देईल अशा भरवशावर राहू नकोस. आणि सगळ्या योजनांना हाच नियम लावू नका. केंद्राची जी बारावीच्या गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती आहे तिच्या रिन्यूअलला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते, तिथे एटीकेटीवाल्याचं गणित सहज बिघडतं.

रिन्यूअलचा फॉर्म भरताना मार्कशीटवर जे आहे तेच भर, राहिलेले विषय लपवायला 'पास' टाकू नकोस. कॉलेजच्या डेस्कवर तो फॉर्म मार्कशीट समोर ठेवून तपासतात.

प्रश्न : मला बारावीला चांगले मार्क होते म्हणून नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर पण अर्ज करायचाय आणि ईबीसी पण घ्यायचीय. दोन्ही चालतं का?

नाही. केंद्राच्या त्या योजनेत दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती किंवा फी सवलत घेणारा बसत नाही, आणि ईबीसीच्या बाजूनेही तसंच. पोर्टल दोन आहेत म्हणून कुणाला कळणार नाही असं वाटतं, पण दोन्हीकडे आधार एकच आहे.

त्यापेक्षा हिशोब कर. केंद्राची रक्कम पदवीला वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार, उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आणि बारावीला बोर्डाच्या त्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे ८० टक्के मार्क नव्हे, पास झालेल्यांतल्या वरच्या वीस टक्क्यांत) असावं लागतं. ईबीसीत ट्यूशन फीच्या निम्मे. तू अनुदानित कॉलेजात बीकॉम करत असशील तर तिथली ट्यूशन फीच एवढीशी असते की निम्मी माफ होऊन हातात काय येणार, तिथे १२ हजार घे. विनाअनुदानित इंजिनिअरिंगला ट्यूशन फी ८० हजार असेल तर निम्मे ४० हजार, मग तिथे केंद्राच्या मागे लागू नकोस. फक्त एक लक्षात ठेव, केंद्राच्या योजनेत नवीन अर्ज बारावी झाल्या झाल्या, पहिल्या वर्षालाच करता येतो, दुसऱ्या वर्षी जाग आली तर दार बंद.

हॉस्टेलचा निर्वाह भत्ता हा भाग वेगळा, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता ईबीसीबरोबर घेता येतो, आणि ज्यांचे आईवडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर आहेत त्यांना त्यात जास्त रक्कम आहे. भाड्याच्या खोलीत राहणारी कितीतरी पोरं हा फॉर्मच भरत नाहीत. एससी विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार, एसटीसाठी स्वयम्, ओबीसीसाठी आधार योजना आहे, प्रत्येकाचे नियम वेगळे, समाजकल्याण किंवा (एसटीसाठी) आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा.

प्रश्न : बीए पहिलं वर्ष झालं, शिष्यवृत्ती घेतली. मन लागत नाही. सोडून बीकॉमला ॲडमिशन घेऊ का? शिष्यवृत्ती चालू राहील ना?

घे की नको हे मी सांगणार नाही, पण शिष्यवृत्ती चालू राहील असं धरून घेऊ नकोस. नियमांचा कल असा आहे की सरकार एका पातळीचं शिक्षण एकदाच पोसतं, बीए पूर्ण करून परत बीकॉम केलं तर पोस्ट मॅट्रिक मिळत नाही हे तर सरळच लिहिलेलं आहे. तुझं मधेच सोडणं आहे, त्यात अजून गुंता होतो कारण पोर्टलवर तुझा जुना कोर्स उघडाच राहतो. आधी जुन्या कॉलेजातून तो अर्ज बंद झालाय ना, घेतलेल्या रकमेचं काय, हे लेखी विचारून घे आणि मगच नव्या ठिकाणी फी भर. फॉर्म भरताना हा कोर्स लपवला तर पुढे कधीतरी वसुली निघते.

प्रश्न : वडिलांची कंपनी बंद पडली. मागच्या वर्षीचं उत्पन्न मात्र ८ लाखांच्या वर आहे, त्यामुळे दाखल्यावर तेच येणार. या वर्षाची फी कशी भरू? (विद्यार्थिनी, नाशिक)

हे पत्र वाचून वाईट वाटलं, कारण नियम अशा वेळी खरंच मठ्ठ असतात. दाखला आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो, आज घरात काय चाललंय ते त्यात दिसत नाही. पुढच्या वर्षी ते दिसेल, म्हणून पहिली गोष्ट, एप्रिलनंतर नवा दाखला काढायला उशीर करू नकोस, वडिलांचं कामावरून कमी केल्याचं पत्र आणि शेवटची पगाराची स्लिप आत्ताच जपून ठेव.

या वर्षापुरतं, आधी कॉलेजला भेट. प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन फीचे हप्ते माग, बहुतेक ठिकाणी विद्यार्थी सहाय्य निधी असतो पण त्याची पाटी कुठेच लावलेली नसते, विचारल्याशिवाय कळत नाही. कॉलेजात 'कमवा आणि शिका' असेल तर नाव दे, त्यातून फी निघणार नाही, महिन्याचा वरखर्च निघेल.

मग कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना आली, ठराविक चांगल्या दर्जाच्या संस्थांच्या यादीत तुझं कॉलेज असेल तर तारण आणि जामीनदार न देता शैक्षणिक कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत असते, ती यावर्षी तुला बसणार नाही, कर्ज मात्र मिळू शकतं. शाखेत 'आमच्याकडे तारण लागतं' असं सांगितलं तर पोर्टलवरून अर्ज कर आणि अर्जाचा नंबर घेऊनच परत जा. शक्य असेल तर शिकत असतानाच व्याज थोडं थोडं भर, नाहीतर ते मुद्दलात चढून बसतं. आणि सगळी मर्यादा आहे म्हणून सगळं कर्ज उचलू नकोस, या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च एवढंच घे.

प्रश्न : माझा अर्ज 'सेंड बॅक' झाला होता म्हणे, मला मेसेजच आला नाही. आता मुदत संपली.

नंबर बदललास का? मेसेज रजिस्टर केलेल्या मोबाइलवर येतो आणि आपण रिचार्ज संपला की सिम बदलतो. सेंड बॅक म्हणजे रिजेक्ट नव्हे, काहीतरी दुरुस्त करून परत पाठव एवढंच, बऱ्याचदा कारण क्षुल्लक असतं, दाखल्याचा फोटो अस्पष्ट, नाहीतर उत्पन्नाच्या दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपलेली. मुदत बऱ्याच वेळा वाढते, म्हणून आजच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा, अर्ज कुठल्या डेस्कवर आहे ते त्यांच्या लॉगिनला दिसतं. पुढच्या वेळी मेसेजची वाट न बघता दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघायचं. उत्पन्नाचा दाखला काढायचाच आहे तर तीन वर्षांचा काढ, सेतूत दोन फेऱ्या वाचतील.

प्रश्न : एक जण म्हणतो दोन हजार दे, तुझा अर्ज वरून पास करून देतो. त्याच्याकडे खरंच ओळख आहे असं वाटतं. देऊ का?

नको. कॉलेजचा क्लार्क, प्राचार्य आणि मग विभाग, अर्ज याच रस्त्याने जातो. तो माणूस तुझा पासवर्ड आणि ओटीपी मागेल, मग खातं बदलेल, आणि त्याने काही केलं नाही तरी अर्ज आपोआप पास झाला की श्रेय घेईल. पासवर्ड दिला असशील तर हे वाचून झालं की लगेच बदल, आणि प्रोफाइलमधला मोबाइल नंबर तुझाच आहे ना ते बघ.